अर्धा ठोका

या, असे जवळ या. मागच्यांनी थोडं पुढे सरकावं, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. गोष्ट एका गाणाऱ्याची आहे. गोड गळ्याचा म्हणाल तर तसा तो नव्हता. लोखंड बडवून, पत्रा खरवडून, यंत्रांच्या घरघरीतून हा गाणं काढायचा आणि त्या गाण्यावर हजारो पोरं घामाघूम होऊन उड्या मारायची. आपल्याला ते गाणं वाटो न वाटो, देणारा वर बसलेला आहे, आणि तो प्रत्येकाला काहीतरी देऊनच खाली पाठवतो. याला त्याने कान दिले होते. असे कान, की आठ यंत्रं एकदम चालू असताना त्यातल्या कोणत्या यंत्राला तेल हवंय ते हा डोळे मिटून सांगायचा. त्या कानांचं त्याने पुढे काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे. शांतपणे ऐका.

सगळे त्याला भोंगा म्हणत. पोस्टरवरही तेच छापलेलं असायचं. त्या दिवशी सकाळी साडेअकराला तो एका भल्यामोठ्या सभागृहाच्या मंचावर उभा होता. समोर पाच हजार रिकाम्या खुर्च्या. संध्याकाळी त्या भरणार होत्या, सगळी तिकिटं केव्हाच संपली होती, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्याने ताईसाठी राखून ठेवली होती. साउंडचेक चाललं होतं. नेहमीचा साउंडवाला तापाने पडला होता, म्हणून दोन दिवसांपूर्वी एक नवा माणूस घेतला होता. नवा म्हणजे काय, पांढरी दाढी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पोरं त्याला काका म्हणायला लागली होती. काकांनी ‘चार नंबर’ लावलं. ज्या गाण्याने भोंगाला भोंगा केलं ते हे गाणं. ठण्… ठण्… ठण्… ठण्, आणि चौथ्या ठोक्याच्या मागोमाग, जिन्यात पाय चुकावा तसा एक बारीकसा टक. काकांनी ते थांबवलं. परत लावलं. परत थांबवलं. मग माइकवरून म्हणाले, "भोंगासाहेब, एक विचारू का?"

"विचारा की काका."

"चौथ्याच्या मागे एक अर्धा ठोका येतोय. तुम्ही टाकलाय की आपला आलाय?"

"आलाय. राहू द्या तसाच. गाण्याचा जीव तिथंच आहे."

"ते कळलं हो, एवढा म्हातारा नाही झालो." काका हसले. "पण स्पीकर उचलायला लागण्याआधी मी वडिलांबरोबर पत्रा कापायच्या प्रेसवर होतो, म्हणून कान टवकारले. हा ब्रेक घसरतोय. ठोकळा वर जाऊन थांबत नाहीये, निसटतोय." आणि मग, एखाद्या ओळखीच्याला ‘वडील कसे आहेत आता’ असं विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं, "ती मशीन अजून चालू आहे का?"

"माहीत नाही," भोंगा म्हणाला.

काकांनी मान हलवली आणि खाली वाकून ते केबल गुंडाळायला लागले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथंच संपला. भोंगाच्या जिभेवर मात्र लोखंडाची चव आली. लहानपणी खिडकीचा गज चाटला की यायची तशी. त्याने थुंकी गिळली तरी ती गेली नाही. दोन वर्षं हे गाणं रस्त्यावर वाजत होतं. पोरांच्या कानांत, व्यायामशाळांत, सलूनमध्ये, कुणाच्या तरी फोनची घंटी म्हणून. जिथं जिथं तो टक वाजायचा तिथं तिथं भोंगाला वाटायचं, आत्ता कुणीतरी वळून आपल्याकडं बघेल. कुणी वळत नव्हतं. लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं, ही लय लंगडते आणि म्हणूनच अंगात भिनते. लाखो लोक साक्ष ऐकत होते आणि त्यांतल्या एकालाही ती भाषा येत नव्हती. आज पहिल्यांदा ती भाषा येणारा माणूस भेटला होता. त्याने सगळं वाचलं आणि वर विचारलं, अजून चालू आहे का. माहीत नाही म्हणणं खोटं होतं. चार दिवसांपूर्वीच जेवताना ताई म्हणाली होती, "चार नंबरवरची ताडपत्री काढली रे. मोठं काम आलंय, सगळ्या मशिनी लागणार म्हणे. एक नवी मुलगी बसवलीय. गोड आहे पोर. बोटं अशी लांब लांब, मेहनतीची वाटतच नाहीत." तो खाली मान घालून जेवत राहिला. पुढे ताई काय बोलली ते त्याला आठवत नव्हतं. ताटात काय होतं तेही नाही.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हा आठ. नातेवाइकांनी आळीपाळीने सल्ले दिले, न्यायला मात्र कुणी आलं नाही. ताई दाराच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात लागली. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, ठोकळा खाली येतो, बिजागरीचा एक पाखा कापला जातो, हात आत घालून तो काढायचा, पुढचा पत्रा. दिवसाला अडीच-तीन हजार वेळा. हा अठरा वर्षांचा झाला तेव्हा तिनेच साहेबांपुढे उभं केलं. पहिल्या दिवशी तिने त्याला आठ यंत्रांच्या मधोमध नेलं, मागून डोळ्यांवर हात ठेवले आणि कानाशी ओरडली, "आता सांग, कोण उपाशी आहे?" त्याला आधी नुसता गदारोळ ऐकू आला. मग, गर्दीतून एकेक ओळखीचा माणूस सुटा व्हावा तसे आवाज सुटे झाले. डावीकडची खोकत होती. समोरची एका दाताने चावत होती. "सहा नंबर," तो म्हणाला, "तेल मागतेय." ताईने हात काढले. तिचा चेहरा त्याला अजून जसाच्या तसा आठवत होता, परीक्षेत पहिला आल्यावर आईचा होईल तसा. "देवाचं देणं आहे हे तुला," ती म्हणाली, "जप." पुढे कारखान्याचा मिस्त्री कुठलीही मशीन खोलण्याआधी त्याला बोलावायचा. "या डॉक्टर, पेशंट बघा." आणि तो जेवणाच्या सुट्टीचा भोंगा इतका हुबेहूब काढायचा, की एकदा सगळी लाइन सात मिनिटं आधीच डबे उघडून बसली होती. साहेबांनी त्याला उभं करून विचारलं, "काय रे, तू आहेस का भोंगा?" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नाव चिकटलं ते कायमचं.

मंचावर ढोलवाला आपल्या खुर्चीचे स्क्रू पिळत होता. गिटारवाला, हा भोंगाचा सगळ्यांत जुना सोबती, जवळ येऊन म्हणाला, "काय रे, तोंड असं काय झालंय? गिळलंस काय? पाल?"

"काही नाही. पाणी आणतो."

"पाणी तुझ्या पायाशी आहे."

पायाशी खरंच बाटली होती. भोंगाने ती उचलली, खाली ठेवली आणि मागच्या दाराने निघाला. बोळकांडीत भिंतीला टेकून त्याने कारखान्याचा नंबर लावला. ताईला फोन करण्यात अर्थ नव्हता. तिला फोन ऐकू येत नाही. हेच तर सगळ्याचं मूळ होतं. वीस वर्षं ठोके ऐकून तिचे कान गेले होते. एकदम नाही, आधी किटलीची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग पाठीमागून मारलेली हाक. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. कळलं तर मशीनवरून उठवतील म्हणून ती कुणाला सांगायची नाही. ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली, आणि बरोबर ओळखलं की नाही याची खात्री करायला समोरच्याचं वाक्य स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची. "पाव किलो साखर म्हणालास ना? पाव किलो." लोकांना वाटायचं सवयच आहे बाईंना. कारखान्यात तो शेजारच्या यंत्रावर होता तोवर फिकीर नव्हती. काही वेगळं वाजलं की तो हात वर करायचा आणि ती पट्टीवरून पाय काढायची. मग त्याने नोकरी सोडली. गाणं करायचं होतं. ताई म्हणाली, "जा. माझं काय, मी मशीनवर हात ठेवून ओळखते तिच्या मनातलं."

फोन उचलला गेला. "हं, बोला." कारकून होता, जुनाच, नाकात बोलणारा.

"चार नंबर थांबवा," भोंगा म्हणाला.

"काय?"

"चार नंबरची प्रेस. ती सुरूच करू नका. तापली की ब्रेक घसरतो तिचा."

"आणि आपण कोण बोलताय?"

तो फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. पाच हजार माणसांपुढं स्वतःचं नाव किंचाळून सांगणारा माणूस हा. पलीकडून कारकून म्हणाला, "अहो, कोण बोलताय ते तरी कळू दे. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, कारखाना बंद करा." मग दुसऱ्या कुणाला तरी, "काय की बाबा, रिकामटेकडे लोक." भोंगाने फोन बंद केला. बाहेर ऊन लख्ख होतं. घड्याळात बाराला दहा कमी. दुपारची शिफ्ट बाराला सुरू होते, चार नंबर त्याच शिफ्टला चालते. मशीन तापायला तीन तास लागतात. थंड असते तेव्हा ती शहाण्यासारखी वागते. ब्रेकचं अस्तर तापून गुळगुळीत झालं की निसटायला लागते. हे जगात एकालाच माहीत होतं. कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता, दोन तासांवर. त्याने मिळाली ती टॅक्सी पकडली.

टॅक्सीवाल्याने आरशात दोनदा बघितलं. "तुम्ही ते भोंगा ना? अहो, आमचा धाकटा वेडा झालाय तुमच्यापायी. आई ओरडते, हा काय गोंगाट! मी म्हटलं, अगं, गोंगाट करून कुणी एवढा मोठा होतो का, काहीतरी असणारच त्यात." आणि मोठ्या प्रेमाने त्याने ते गाणं लावलं. ठण्… ठण्… ठण्… ठण्, टक. सीट त्या ठोक्याने हलत होती. ती लय मांडीतून वर चढत होती.

"बंद करा, प्लीज."

"स्वतःचंच नको?" टॅक्सीवाला हिरमुसला. "आमच्या मिसेसनं केलेलं जेवण तीसुद्धा खाते."

भोंगाने डोळे मिटले. मिटल्यावर जे दिसायचं तेच दिसलं. पहिला अल्बम पडला होता. दोनेकशे लोकांनी ऐकला असेल, त्यांतले निम्मे सोयरे. एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी कार्यक्रम केला तेव्हा समोर अकरा माणसं होती, आणि त्यातला एक जण हे कधी संपेल असं विचारायला थांबला होता. तेव्हा त्याला वाटलं, आपण खोटं वाजवतोय. खरा आवाज आपण मागे सोडून आलोय. साहेबांची परवानगी काढून, रेकॉर्डर घेऊन तो कारखान्यात परत गेला. सोमवार होता. ताईची दुपारची शिफ्ट होती. तीन वाजता कानांवर हेडफोन चढवून तो चार नंबरपुढं बसलेला असताना तो टक आला. इतका हलका की नुसत्या कानाने त्या गलक्यात ऐकू आला नसता. मशीनच्या अंगावर ठेवलेल्या तळव्याला तर मुळीच कळला नसता. खरं ते सांगायला हवं. त्याला पहिल्यांदा आनंद झाला. अंगावर सर्रकन काटा आला, की हेच, हेच शोधत होतो मी. आनंदाच्या मागोमाग समज आली, आणि ती येईपर्यंत आनंदाने जागा धरली होती. सांगितलं तर मिस्त्री अर्ध्या तासात पाना घेऊन येईल आणि हा आवाज या जगातून जाईल. आणि आजच्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच ढकलगाडी खडखडली होती. स्वच्छ दोन मिनिटं हवी होती, फक्त दोन. तेवढ्यात ताईने मशीनच्या कुशीवर हात ठेवून मान वळवली आणि विचारलं, "काय रे, बरी बोलतेय ना?" तो म्हणाला, "बरी आहे, ताई." तिने ओठ वाचले. "बरी आहे," तिने खात्रीसाठी परत म्हटलं आणि ती कामाला लागली.

मंगळवारी एक ट्रक मागे घेताना भोंगे मारत राहिला. बुधवारी आवाज छान आला, पण लांबून आल्यासारखा वाटला. ताई आता विचारायची नाही, नुसत्या भुवया उंचावायची, आणि तो ‘बरी आहे’ म्हणून अंगठा वर करायचा. गुरुवारी पावणेचारला त्याला हवी होती ती दोन मिनिटं मिळाली. वायर गुंडाळताना तो मनात म्हणत होता, चारला चहाच्या सुट्टीत मिस्त्रीला सांगतो, आज नक्की. चारला दहा कमी असताना, पट्टी एकदाच दाबलेली असूनही, ठोकळा दुसऱ्यांदा खाली आला. रेकॉर्डर तेव्हा बंद होता. ताई ओरडली नाही. ती आपल्या डाव्या हाताकडं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं बघत राहिली. तीन बोटं गेली होती. चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. रात्रभर गार पडलेली मशीन साहेबांनी आणि मिस्त्रीने वीस वेळा चालवून बघितली. वीसही वेळा ठोकळा वर जाऊन मुकाट थांबला. "तुम्ही तिथं होता," साहेबांनी विचारलं, "काही वेगळं ऐकलंत का?" पिशवीत रेकॉर्डर होता. मांडीवर पिशवी होती. "नाही," तो म्हणाला. कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं, आणि ताईने उजव्या हाताने सही केली. इस्पितळात ती त्यालाच समजावत होती, "माझाच पाय दुसऱ्यांदा पडला असणार रे. लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक. तू रडू नकोस." चार नंबरवर बसायला मग कुणी तयार होईना. तिच्यावर ताडपत्री घातली. त्या ताडपत्रीच्या आधारावर तो सव्वादोन वर्षं झोपला. झाकलेली मशीन कुणाला काय करणार. गाणं आलं, गाजलं, मोठमोठाले मंच आले. ताईने ते कधी ऐकलं नाही, ऐकूच शकत नव्हती. पण घरी स्पीकरवर तळवा ठेवून ती हसली होती. "माझ्या मशीनसारखंच धडधडतंय रे!" म्हणाली होती.

मधे एका पुलाचं काम चालू होतं. वाहनं खोळंबली होती. भोंगाने घड्याळ बघितलं, मग नाही बघायचं ठरवलं, मग परत बघितलं. त्याच्या डोक्यात ती मुलगी पत्रा सरकवत होती. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, चेहरा नव्हता तिला, फक्त हात होते. दर चौथ्या ठोक्याला त्याच्या स्वतःच्या बोटांना झिणझिण्या येत होत्या. अडीच वाजले. गिटारवाल्याचे सात फोन येऊन गेले. त्याला वाटलं, काहीच होणार नाही. मग वाटलं, झालंसुद्धा असेल. आणि मग एक असा विचार आला की तो आपणच केला यावर त्याचा विश्वास बसेना. झालं असेल तर आता सांगायची गरजच उरली नाही. त्याने ओंजळीत तोंड लपवलं. "देवा," तो म्हणाला, "मला पोचव." टॅक्सीवाल्याने आरशात बघून गाडी फुटपाथला खेटून काढली. "कुणी आजारी आहे का साहेब? आधी नाही का सांगायचं!"

गेटवरचा वॉचमन त्याला बघून खुर्चीतून उठला. "अरे, भोंगा! काय मोठा माणूस झालास! वाजव की एकदा, जुन्या दिवसांसाठी." भोंगा त्याच्या बाजूने तसाच आत गेला. "हवा गेली डोक्यात," वॉचमन मागे कुणाला तरी म्हणाला. शेडच्या दारावरून जाताना आतला गलका अंगावर आला, आणि जुन्या घरात शिरताच वास ओळखावा तसा त्याच्या कानांनी चार नंबर ओळखली. चालू होती. एकसारखी, नीट चालू होती. अजून तापली नव्हती, किंवा नुकती तापत होती. तो सरळ शेडमध्ये जाऊ शकत होता. लाल बटण पन्नास पावलांवर होतं. पण पाय स्टोअरकडं वळले. बटण दाबलं असतं तर का दाबलं हे आधी साहेबांना सांगावं लागलं असतं, आणि ताईच्या आधी ते दुसऱ्या कुणाला सांगायचं हे त्याच्याने होईना. आता हे वागणं बरं की वाईट, तुम्ही ठरवा. माणूस बुडतानासुद्धा आपल्या ओळखीच्या किनाऱ्याकडंच हात मारतो.

ताई स्टोअरमध्ये हातमोज्यांच्या जोड्या लावत होती. अपघातानंतर तिला तिथं बसवलं होतं. आणखी पाचसहा जण होते. मिस्त्री एका खोक्यावर बसून बेअरिंग पुसत होता. ताईने वर बघितलं, तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, तू? आज तर तुझा कार्यक्रम ना?" तो तिच्यासमोर बसला, इतरांकडं पाठ करून. आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी बोलायला लागला. मंचावर छाती फुटेस्तोवर ओरडणारा हा माणूस आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वाक्य कुणालाही ऐकू जाऊ नये असं बोलत होता.

‘त्या दिवशी मशीन बिघडली होती.’

ताईने डोळे बारीक केले. "त्या दिवशी मशीन बिघडली होती," तिने खात्रीसाठी परत म्हटलं. आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला आता कळत नसे. मिस्त्रीने बेअरिंग खाली ठेवलं.

‘हळू, ताई. तुझा पाय पडला नव्हता. ब्रेक घसरत होता.’

"माझा पाय पडला नव्हता? ब्रेक घसरत होता?"

‘मला सोमवारपासून ऐकू येत होतं.’

तिने त्याच्या ओठांकडं बघितलं, मग डोळ्यांकडं, मग परत ओठांकडं. आपणच चुकीचं वाचलं असेल अशी आशा करणाऱ्या माणसासारखं. "तुला," ती म्हणाली, "सोमवारपासून ऐकू येत होतं." तिच्या आवाजात प्रश्न नव्हता, राग नव्हता. पाव किलो साखर म्हणावं तसं ती ते म्हणाली. साऱ्या स्टोअरने ते ऐकलं. "मग सांगितलं का नाहीस?"

‘आवाज हवा होता.’

"आवाज हवा होता," ताई म्हणाली.

ताई उठली. मोजे खाली पडले, तिने ते उचलले, टेबलावर ठेवले आणि ती शेडकडं चालायला लागली. तिच्या मागोमाग तो आणि बाकीचे सगळे निघाले. चार नंबरवर ती मुलगी बसली होती. आता तिला चेहरा होता, गोल, कपाळावर घाम, आणि कामात जीव ओतल्यामुळं जीभ दातांत धरलेली. तिच्या हातांची ये-जा चालू होती, ठोकळ्याखाली, बाहेर, ठोकळ्याखाली, बाहेर. तीनला पाच-सात मिनिटं कमी असतील. भोंगाला तो ऐकू आला. टक. अगदी बारीक. "ताई!" तो ओरडला, आणि त्या गलक्यात ते ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नाही, जिला हाक मारली तिला तर नाहीच. पण ताई पोचली होती. तिने मुलीला मागून दोन्ही बगलांत हात घालून, पाळण्यातून मूल उचलावं तशी स्टुलावरून उचलून बाजूला केली.

"अहो, काय झालं? चुकलं का माझं काही?" मुलगी रडवेली झाली.

"नाही गं बाळा. तुझं काही चुकलं नाही."

मग ताईने ठोकळ्याखाली पत्रा न ठेवता, एका हाताच्या अंतरावर उभं राहून, पायाने पट्टी दाबली. ठण्. परत दाबली. ठण्. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ठोकळा वर गेला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि आपल्या मनाने, कुणी न सांगता, वीतभर खाली आला. सगळ्यांनी तो डोळ्यांनी बघितला. मिस्त्रीच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. ताईने लाल बटण दाबलं. मोठं चाक फिरता फिरता मंदावत गेलं, आणि इतर मशिनींवरच्या लोकांनीही एकेक करून पाय काढून घेतले. त्या शेडमध्ये चालू शिफ्टला एवढी शांतता भोंगाने कधी ऐकली नव्हती. ताई त्याच्याकडं वळली. "यांना सांग," ती म्हणाली. "मोठ्याने. मला ऐकू येत नाही, पण यांना येतं."

त्याने सांगितलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळा विचारलं गेलं आणि त्याने काय उत्तर दिलं. चौकशीत काय म्हणाला तेही. मिस्त्रीने खिशातून रुमाल काढला आणि तो तोंड पुसत राहिला. साहेब येऊन मागे उभे राहिले होते, त्यांनी एकदा मधे बोलायचा प्रयत्न केला, पण कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. भोंगा बोलत असताना ताई त्याचे ओठ वाचत होती, या वेळी एकही वाक्य परत न म्हणता. बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "हे लिहून देशील?" त्याने मान हलवली. कारकुनाने कागद आणला. नाव, गाव, तारीख, सगळं त्याने आपल्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. खिशात त्याचा फोन थरथरत होता, गिटारवाल्याचा.

"ताई," तो म्हणाला, "संध्याकाळी…"

ताईने तोंड फिरवलं. रागाने झटक्यात नाही, हळूच. दिवा मालवावा तशी तिने नजर त्याच्या ओठांवरून काढून घेतली आणि ती मुलीकडं बघायला लागली. त्याला कळलं. आता तो काहीही बोलला तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. माफी, कारणं, हाक, काही नाही. हात धरून तिला वळवता आलं असतं. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं. तरी तो तिच्या पाठीला बोलत राहिला. बराच वेळ बोलला. काय बोलला ते तिथल्या माणसांनी ऐकलं, पण त्यांनी ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ताईने मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून बघितले, आणि तिला नळाकडं घेऊन गेली.

इथं मी थांबतो. सभागृहाचं दार सहाला उघडलं, खुर्च्या भरल्या, पहिल्या रांगेतली मधली तेवढी भरली नाही. पुढचं तुम्हाला दुसरं कुणीही सांगेल. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची कमी नसते. माझं एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, दिवा लावाल, आपापल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा त्या ताईचीही आठवण ठेवा. सव्वादोन वर्षं ती दुसऱ्याची चूक आपली म्हणून वागवत राहिली, आणि तिच्या पायाची काही चूक नव्हती हे तिला ज्याने सांगितलं तो तिने हाताने भरवून वाढवलेला होता. ती आता कुणाचंच ऐकत नाही. तो वर बसलेला आहे, तो तरी तिचं ऐको.